निजलेल्या यंत्राजवळचा जागता पहारेकरी

आपण एटीएममधून पैसे काढतों, घरबसल्या रेल्वेचें तिकीट घेतों, नातवाच्या परीक्षेचा निकाल हातांतल्या मोबाइलवर पाहतों. अशा प्रत्येक वेळीं आपला प्रश्न कोठें तरी दूर असलेल्या एका यंत्राकडे जातो आणि तेथून उत्तर येतें. या यंत्राला सर्व्हर म्हणतात, आणि अशीं हजारों यंत्रें ज्या इमारतींत ठेवलेलीं असतात तिला डेटा सेंटर म्हणतात. नव्या मुंबईंत महापे, ऐरोली या बाजूस अशा इमारती पुष्कळ आहेत. बाहेरून पाहिलें तर एखादें मोठें गोदामच वाटावें. आंत गारवा, पंख्यांचा अखंड घोंघाट आणि ओळीनें उभीं असलेलीं लोखंडी कपाटें. माणूस मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. कित्येक दालनांतून तर दिवेहि मालवलेले असतात; कारण उजेड लागतो तो माणसाला, यंत्राला नव्हे.

आतां अशी कल्पना करा कीं, रात्रीचे दोन वाजले आहेत आणि या कपाटांतील एक यंत्र एकाएकीं मुकें झालें. त्याची देखभाल करणारा इंजिनियर डोंबिवलीस आपल्या घरीं झोंपलेला आहे. किंवा तो बंगळूरास असेल, नाहीं तर पार डब्लिनलाहि असेल. त्यानें येथपर्यंत यावयाचें कसें? ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या होत्या हें मुंबईकर विसरलेले नाहींत. २०२० सालच्या टाळेबंदींत तर घराचा उंबरठा ओलांडण्याचीच पंचाईत होती. यंत्रें मात्र दोन्ही वेळां चालूं राहणें अवश्य होतें.

एरवीं इंजिनियर यंत्राशीं बोलतो तें गिऱ्हाइकें ज्या वाटेनें येतात त्याच वाटेनें. दारांत त्याचें स्वागत करते ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा प्रपंच सांभाळणारी मूळ आज्ञावली. ती जागी आहे तोंवर सर्व ठीक चालतें. पण तीच गोठली तर? बेशुद्ध पडलेल्या माणसाला 'तुला काय होतें आहे?' असें विचारण्यासारखेंच तें होय. ज्यानें उत्तर द्यावयाचें तोच आजारी. म्हणून यंत्राच्या मुख्य मेंदूवर मुळींच अवलंबून नसलेली अशी दुसरी एक वाट ठेवावी लागते. या व्यवस्थेला इंग्रजींत 'आउट-ऑफ-बँड मॅनेजमेंट' म्हणतात.

यांतला बँड लग्नाच्या वरातींतला नव्हे. बँड म्हणजे लहरींचा पट्टा, आणि हा शब्द या धंद्यांत टेलिफोनवाल्यांकडून आला. त्याची हकीगत मनोरंजक आहे. टेलिफोनच्या तारेवरून माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यांत नेला जाई. अमेरिकेंत दूरच्या गांवाला जोडणारी तार मोकळी आहे कीं अडलेली आहे, हें एका एक्स्चेंजनें दुसऱ्यास कळवावयाचें तें २६०० हर्ट्झच्या एका शिटीनें. म्हणजे बोलणें आणि कारभाराचे हुकूम एकाच पट्ट्यांतून, एकाच तारेवरून! याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. कांहीं हुशार पण उपद्व्यापी तरुणांना कळून आलें कीं, आपणच नेमकी ती शिटी वाजवली तर पलीकडचें एक्स्चेंज फसतें आणि मग फुकट बोलतां येतें. जॉन ड्रेपर नांवाच्या गृहस्थांची तर अशी प्रसिद्धि झाली कीं, नाश्त्याच्या पुड्यांत मुलांसाठीं ठेवलेली एक खेळण्यांतली शिटी या कामीं पुरते. अखेर १९७६ पासून अमेरिकेच्या मोठ्या टेलिफोन कंपनीनें कारभाराचे हुकूम बोलण्याच्या तारेवरून काढून निराळ्या मार्गानें पाठविण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकाची वाट निराळी आणि कारभाऱ्याची वाट निराळी, हें तत्त्व येथें रुजलें. पुढें संगणकवाल्यांनीं तें उचललें.

आतां ज्या यंत्रांत या वाटेची सर्वांत बारकाईनें आखणी झाली त्या यंत्राकडे वळूं. तें म्हणजे ब्लेड सर्व्हर. ब्लेड म्हणजे पातें. जुना सर्व्हर आडव्या पेटीसारखा असे. त्याचा स्वतःचा वीजपुरवठा, स्वतःचे पंखे, स्वतःच्या तारा. कपाटांतील उंची मोजण्याचें एकक पावणेदोन इंचांचें असतें, आणि साधारण कपाट ४२ एककांचें. सर्वांत चपटीं यंत्रें रचलीं तरी ४२ च्या वर जावयाचीं नाहींत. २००१ सालीं आरएलएक्स नांवाच्या अमेरिकन कंपनीनें निराळी युक्ति केली. यंत्राची पेटीच काढून टाकली, नुसता सपाट पत्रा ठेवला, आणि असे २४ पत्रे तीन एककांच्या एकाच सामाईक पेटींत पुस्तकें फळीवर लावावींत तसे उभे लावले. वीज सामाईक, पंखे सामाईक. पुढल्याच वर्षीं आयबीएमनें सात एककांच्या पेटींत १४ पातीं बसविलीं. २००६ सालीं एचपीची सी-७००० ही पेटी आली. दहा एककांच्या उंचींत अर्ध्या उंचीचीं १६ पातीं, सर्वांना मिळून जास्तींत जास्त सहा वीजपुरवठे आणि दहा पंखे. डेलची तशीच पेटी २००८ मध्यें आली, सिस्कोची २००९ मध्यें.

या मांडणींत काय साधलें याचा हिशेब सोपा आहे. एका कपाटांत सी-७००० च्या चार पेट्या मावतात, म्हणजे ६४ यंत्रें. हीं ६४ सुटीं असतीं तर प्रत्येकीं विजेच्या दोन, जाळ्याच्या दोन व देखरेखीची एक अशा पांच तारा धरल्या तरी ३२० तारांचा गुंता झाला असता. ब्लेडच्या पेटींत देखरेखीच्या ६४ तारांऐवजीं पेटीमागें दोन, म्हणजे चार पेट्यांच्या मिळून आठ तारा पुरतात. पातें आंत सरकविलें कीं पाठीमागच्या सामाईक फळीला आपोआप जोडलें जातें आणि सर्व तारा तिच्यांतच असतात. मात्र एक अडचण उभी राहिली. पात्याला पडदा लावून, कळफलक जोडून समोर खुर्ची टाकून बसण्याची सोयच उरली नाहीं म्हटलें तरी चालेल. पडद्यासाठीं एखादी जोडणी पुढें काढतां येते, पण दाटींत ती गैरसोयीचीच. दूरून कारभार करणें ही सुट्या सर्व्हरच्या बाबतींत सोय होती. ब्लेडच्या बाबतींत ती गरज झाली.

ही गरज भागविणारा म्हणजेच आमचा पहारेकरी. प्रत्येक पात्यावर मुख्य प्रोसेसरखेरीज एक चिमुकला, स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्याचें नांव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यांत बीएमसी. मुंबईच्या श्रोत्यांस बीएमसी म्हटल्यावर खड्डे आणि घरपट्टी आठवेल, पण ही ती नव्हे. एचपी आपल्या पहारेकऱ्यास आयएलओ म्हणते, डेल आयड्रॅक म्हणते, काम एकच. याची शक्ति बेताचीच असते, पण त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृति, स्वतःची आज्ञावली आणि जाळ्यावर स्वतःचा पत्ता असतो. मुख्य म्हणजे त्याची वीज निराळी. पेटीला वीज मिळते आहे तोंवर, पातें बंद केलेलें असलें तरी, एक बारीकसा प्रवाह त्याला पोंचत राहतो. म्हणून मालक निजला, बेशुद्ध पडला, किंवा अजून जागाच झाला नाहीं, तरी पहारेकरी जागा.

तो काय करतो? तपमान, विजेचा दाब यांच्या मापकांकडे तो सारखा पाहत असतो आणि कांहीं विपरीत घडलें कीं वेळ घालून आपल्या वहींत नोंद करतो. ही वही मुख्य यंत्राच्या डिस्कवर नसल्यामुळें डिस्क जळाली तरी वही शाबूत राहते. तो बाहेरून आलेल्या हुकुमाप्रमाणें यंत्र चालूं किंवा बंद करतो. मुख्य यंत्र पडद्यावर जें चित्र दाखवील तें तो जाळ्यावरून इंजिनियरच्या पडद्यावर पाठवितो आणि इंजिनियरनें दाबलेली कळ यंत्राला जणूं शेजारीं बसून दाबल्यासारखी पोंचवितो. इतकेंच नव्हे, तर इंजिनियरच्या संगणकांतील फाइल ही पात्याला जोडलेली डिस्कच आहे, असा भास तो निर्माण करूं शकतो. त्यामुळें शंभर कोसांवरून नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवितां येते. आणखी एक युक्ति मला फार आवडते. हजेरीची. ऑपरेटिंग सिस्टिमनें ठराविक वेळेच्या आंत 'मी जागी आहें' असें पहारेकऱ्यास सांगावयाचें. सांगितलें नाहीं, तर ती गोठली असें धरून तो कोणास न विचारतां यंत्र नव्यानें सुरू करतो. शाळेंत चाळीस वर्षें हजेरी घेतलेल्या माणसाला या व्यवस्थेचें मर्म वेगळें सांगावयास नको.

प्रत्येक पात्यावर एक पहारेकरी, आणि पेटीवर त्यांचा जमादार. हा ब्लेडचा विशेष. एचपीच्या पेटींत त्याचें नांव ऑनबोर्ड ॲडमिनिस्ट्रेटर, डेलच्या पेटींत चासी मॅनेजमेंट कंट्रोलर. असे दोन बसवितां येतात. एक कामावर, दुसरा एकाला कांहीं झालें तर ताबडतोब जागा घेण्यास सज्ज. बाहेरची तार या जमादाराकडे येते आणि तो आंतल्या सोळाहि पहारेकऱ्यांपर्यंत वाट करून देतो. कोणत्या खणांत कोणतें पातें आहे याची यादी त्याच्याजवळ असते. पंखे सामाईक असल्यामुळें कोणता किती वेगानें फिरावा हें तोच ठरवितो. वीजहि सामाईक, म्हणून चालूं होण्यापूर्वीं पात्यानें जमादाराची परवानगी घ्यावी लागते. शिल्लक वीज पुरेशी नसेल तर तो नाहीं म्हणतो. एकत्र कुटुंबांत चुलीवर पातेलें चढविण्यापूर्वीं घरांतील वडील बाईला विचारावें लागे, तशांतलाच हा प्रकार. वरवर जाचक वाटतो, पण एका पात्याच्या हांवेनें सोळाहि पातीं अंधारांत जाण्यापेक्षां हें बरें.

मघाच्या रात्रींकडे परत जाऊं. डोंबिवलीच्या इंजिनियरास संदेश आला, तो उठला. प्रथम तो देखरेखीच्या निराळ्या जाळ्यांत शिरतो आणि जमादाराला विचारतो: पेटीला वीज आहे ना, पंखे फिरताहेत ना? तें ठीक असेल तर सातव्या खणांतल्या पहारेकऱ्याची वही उघडतो. समजा वहींत लिहिलें आहे कीं, स्मृतीच्या एका पट्टीवर चुका वाढत होत्या. मग तो पडदा मागवितो. गोठलेल्या यंत्राचे शेवटचे शब्द पुष्कळदां तसेच पडद्यावर राहिलेले असतात. येथें नवशिका इंजिनियर घाई करतो. यंत्र मेलें आहे ना, मग बंद करून चालूं करा, झालें! तसें केल्यानें यंत्र उठेलहि, पण शेवटचे शब्द गेले, आणि चार दिवसांनीं तेंच दुखणें पुन्हां. जाणता इंजिनियर आधीं पडद्याचें चित्र जपून ठेवतो. त्यानंतर पहारेकऱ्यामार्फत यंत्राला अशी एक हाक मारतो कीं जी प्रोसेसरला टाळतांच येत नाहीं. तशी आगाऊ व्यवस्था केलेली असेल तर या हाकेसरशीं यंत्र आपल्या स्मृतींतील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतें. एवढें झाल्यावर मग बंद आणि चालूं. बंद करण्याचेहि दोन प्रकार आहेत. एक सभ्यपणें सांगून, ज्यांत यंत्र आपलीं कामें आवरून निजतें. दुसरा तार उपटल्यासारखा. पहिल्यास दाद मिळत नसेल तरच दुसरा. हें सारें अंथरुणाशेजारीं बसून अर्ध्या तासांत होतें.

पण या सर्वाला एक अट आहे, आणि तिच्याकडे मोठमोठ्यांचें दुर्लक्ष होतें. ती दुसरी वाट खरोखरच दुसरी असली पाहिजे. परसदार आहे म्हणावें, पण त्याला जावयाचें ओसरीवरूनच, तर ओसरी कोसळल्यावर त्या परसदाराचा उपयोग काय?

ता. ८ जुलै २०२२ रोजीं कॅनडांत रॉजर्स नांवाच्या टेलिफोन कंपनीनें आपल्या जाळ्यांत फेरबदल करतांना एक गाळणी काढून टाकली. त्यामुळें मुख्य राउटरांवर माहितीचा पूर लोटला आणि ते कोलमडले. सव्वा कोटीच्या आसपास गिऱ्हाइकांचे फोन व इंटरनेट बंद पडलें. संकटकाळीं लावावयाचा ९११ हा क्रमांक पुष्कळांना लागेना, दुकानांतून बँकेच्या कार्डानें पैसे चुकते होईनात. आतां अशा वेळीं कारभाराच्या वाटेनें आंत शिरून चूक दुरुस्त करावयाची. पण रॉजर्सचें देखरेखीचें जाळें त्याच मुख्य जाळ्यावर विसंबून होतें! तें पडल्याबरोबर हेंहि पडलें. दुरुस्ती करणारांस राउटरांच्या नोंदीच पाहतां येईनात, म्हणून नेमकें काय बिघडलें हें कळण्यांतच तासांमागून तास गेले. अनेक कर्मचाऱ्यांचें एकमेकांशीं बोलण्याचें साधनहि त्याच कंपनीचें असल्यामुळें कोणी कोणास गांठावें हा प्रश्न पडला.

त्याच्या आदल्याच वर्षीं, ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, फेसबुक सुमारें सहा तास जगावेगळें झालें होतें. देखभालीच्या एका हुकुमानें कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारें अंतर्गत जाळेंच तुटलें. असा घातक हुकूम अडविण्यासाठीं ठेवलेल्या तपासनिसांतच दोष होता, म्हणून तो निसटला. कंपनीनें नंतर स्वतःच जाहीर केलें कीं, नेहमीची वाट आणि निराळी वाट, दोन्ही बंद झाल्या होत्या. शेवटीं माणसें प्रत्यक्ष इमारतींकडे धाडावीं लागलीं. आणि त्या इमारती अशा रीतीनें बांधलेल्या कीं, परक्याला सहजासहजीं शिरकाव मिळूं नये. आपल्याच माणसांना आंत शिरून यंत्रांना हात लावण्यास वेळ लागला. या दोन्ही प्रकरणांत पडलीं तीं जाळ्याचीं यंत्रें, ब्लेड सर्व्हर नव्हेत. पण ब्लेडच्या पेटीला जी तार येते ती जर शेवटीं त्याच राउटरांतून येत असेल तर जमादार कितीहि जागा असला तरी त्याला हाक ऐकूं यावयाची नाहीं. म्हणून शहाणे लोक देखरेखीच्या जाळ्यासाठीं निराळीं उपकरणें ठेवतात, आणि बाहेरून येणारी जोडणी दुसऱ्याच कंपनीची, प्रसंगीं मोबाइलच्या लहरींवरची घेतात. याला पैसा लागतो आणि वर्षानुवर्षें त्याचा कांहीं उपयोग झालेला दिसत नाहीं. त्यामुळें हिशेबनीस काट मारतात ती नेमकी येथें.

आणि उलट बाजूचें भय अधिक मोठें आहे. ज्या वाटेनें मालकाला निजलेल्या यंत्राचें सर्व कांहीं करतां येतें, त्या वाटेनें चोर शिरला तर? त्यालाहि सर्व कांहीं करतां येईल, आणि यंत्राच्या आंतील कोणत्याहि रखवालदाराला त्याचा सुगावा लागणार नाहीं. पहारेकऱ्यांची ठराविक भाषा असावी म्हणून इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनीं १९९८ सालीं आयपीएमआय नांवाचा एक करार केला. त्याची दुसरी आवृत्ति २००४ मध्यें निघाली. या दुसऱ्या आवृत्तींत एक विलक्षण दोष राहिला आहे. दारावर आलेल्या अनोळखी माणसाची ओळख पटण्यापूर्वींच पहारेकरी त्याच्या हातीं संकेतशब्दाचा जणूं कुटून केलेला चुरा देतो. चोरानें तो घरीं न्यावा आणि सावकाश, कोणता शब्द कुटला असतां असाच चुरा होतो हें ताडून पाहावें. दोष एखाद्या कारखान्याचा नसून कराराच्याच कलमांत असल्यामुळें त्याची पुरी दुरुस्ती होणें कठीण. २०१७ सालीं तर एचपीच्या चौथ्या पिढीच्या आयएलओमध्यें असें आढळलें कीं, जाळ्यावरून येणाऱ्या मागणीच्या एका ठराविक ओळींत इंग्रजी 'ए' हें अक्षर २९ वेळां लिहिलें कीं संकेतशब्दाविनाच दार उघडतें! कंपनीनें तें त्याच वर्षीं दुरुस्त केलें, पण दुरुस्ती बसविण्याचें काम ज्याचें त्यानें करावयाचें असतें. २०१५ पासून रेडफिश नांवाची नवी भाषा प्रचारांत आली आहे. ती बँकेच्या व्यवहारांत वापरतात तशाच गुप्त मार्गानें बोलते, आणि नवीं यंत्रें तिच्याकडे वळलीं आहेत. तरीहि वाट उघड्या इंटरनेटवर सोडूं नये हा नियम कायम आहे. जून २०२३ मध्यें अमेरिकन सरकारच्या सायबर-सुरक्षा खात्यानें आपल्या मुलकी खात्यांस हुकूमच काढला कीं, अशीं दारें इंटरनेटवर उघडीं आढळल्यास १४ दिवसांच्या आंत एक तर तेथून हटवावींत, नाहीं तर त्यांपुढें कडक तपासणी बसवावी. ब्लेडच्या पेटीच्या बाबतींत ही सावधगिरी दुप्पट हवी, कारण जमादार फितला कीं सोळाहि पातीं एकदम त्याच्या मुठींत.

एवढें सगळें असूनहि कांहीं कामें दूरून होत नाहींत. स्मृतीची बिघडलेली पट्टी हुकूम देऊन बदलत नाहीं, थांबलेला पंखा बोलून फिरत नाहीं. त्यासाठीं डेटा सेंटरांतील पाळीवरच्या माणसास आंत जावें लागतें. पण सारख्याच दिसणाऱ्या चौसष्ट पात्यांतून बिघडलेलें तें कोणतें? चुकून शेजारचें चालतें पातें उपटलें तर आधींचा बिघाड बरा म्हणावयाची पाळी यावयाची. त्याकरितां प्रत्येक पात्याच्या तोंडाशीं एक बारीक निळा दिवा असतो. डोंबिवलीस बसलेला इंजिनियर पहारेकऱ्यास सांगतो आणि त्या दालनांत, चौथ्या कपाटाच्या दुसऱ्या पेटींत, सातव्या खणावर तो दिवा लागतो. माणूस जातो, दिवा पाहतो, पातें बाहेर ओढतो, पट्टी बदलतो आणि पुन्हां सरकवितो. जमादार वीज मोजून परवानगी देतो, आणि इंजिनियर आपल्या पडद्यावर यंत्राचीं पहिलीं अक्षरें उमटतांना पाहतो.